बोटीवरच्या सांडपाण्यासाठी नवीन ड्रेन, पंप आणि टँक: पूर्ण सीझन वापरल्यानंतरचा अनुभव

सगळ्यात आधी एकच सांगतो, शॉवरचं पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पाणी साठणाऱ्या खोलगट जागेत, सोडणं बंद करा. बाकी काही नाही केलं तरी चालेल, कारण एक पूर्ण सीझन आणि वर अजून काही महिने ही नवीन व्यवस्था वापरल्यावर सगळ्यात मोठा फरक तिथेच जाणवला. केबिनमध्ये जो एक आंबूस वास कायम असायचा आणि जो आम्ही जुन्या बोटीचा वास म्हणून सोडून दिला होता तो साठलेल्या साबणाच्या पाण्याचा होता, आणि आता तो गेलाय.

बोट साधी आहे, फायबरग्लासची केबिनवाली सेलबोट, गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात) एक सिंक, टॉयलेटमध्ये छोटं बेसिन आणि तिथेच शॉवर. मूळ व्यवस्थेत सिंक आणि बेसिनचं पाणी सरळ हलमधून, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचातून, बाहेर जायचं आणि शॉवरची जाळी थेट बिल्जमध्ये उघडायची, तिथून बिल्ज पंप उपसून टाकणार असा हिशोब. अशा बोटी भरपूर आहेत. पण बिल्ज पंप असतो बोट बुडू नये म्हणून, त्याच्या फ्लोट स्विचला (पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणाऱ्या स्विचला) केस गुंडाळले गेले, वर साबणाचा चिकटा बसला की ज्या दिवशी खरंच पाणी शिरेल त्या दिवशी फ्लोट वर येणारच नाही. माझ्या मते वासापेक्षा हे कारण मोठं आहे.

आता जे केलं ते असं. शॉवरला स्वतंत्र पंप आणि त्याचं आउटलेट वॉटरलाइनच्या, म्हणजे बोट जिथपर्यंत पाण्यात बुडते त्या रेषेच्या, वर. गॅली आणि बेसिनच्या लाइनला थ्री-वे व्हॉल्व्ह, म्हणजे एका बाजूला फिरवला की पाणी बाहेर, दुसऱ्या बाजूला फिरवला की सीटखालच्या ४० लिटरच्या टँकमध्ये. शॉवरच्या पंपालाही तसाच व्हॉल्व्ह आहे. पाण्याखाली नवीन भोक एकही पाडलं नाही, आणि ज्यांना हे काम करायचंय त्यांनाही मी हेच सांगेन. ३८ मिमीचं भोक वॉटरलाइनच्या फक्त ३० सेंमी खाली असलं आणि होज (लवचीक नळी) निसटला तर मिनिटाला साधारण १०० लिटर पाणी आत येतं, छोटा बिल्ज पंप तिथे पुरत नाही. वॉटरलाइनच्या वर जागा मिळत असेल तर खाली जायचं कारणच काय.

वरचं भोक पाडायला मात्र घाबरू नका. आतून आधी बारीक ड्रिलने पायलट होल, मग बाहेरून होल सॉ (गोल भोक कापणारी करवत), म्हणजे बाहेरच्या जेलकोटचे, त्या गुळगुळीत वरच्या लेपाचे, टवके उडत नाहीत. होल सॉमधून जी गोल चकती निघते ती फेकू नका, नीट बघा. आमच्या चकतीत बाहेर जेलकोटची पातळ पांढरी रेघ, मग काचेच्या मॅटचे हिरवट थर, मधे बाल्सा लाकूड आणि परत आतला पातळ थर, असं सगळं एका बोटाच्या जाडीत दिसत होतं. बाल्सा फिकट आणि कोरडा होता, नखाने दाबला तर दबत नव्हता, म्हणजे तिथपर्यंत पाणी पोचलेलं नाही. काळपट आणि ओला निघाला असता तर काम तिथेच थांबवून आधी तो भाग दुरुस्त करावा लागला असता. आणि कोरडा निघाला म्हणून तसंच फिटिंग बसवायचं नाही, भोकाच्या कडेचा बाल्सा चारी बाजूंनी थोडा कोरून काढायचा, तिथे घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं आणि ते सुकल्यावर परत भोक पाडायचं. म्हणजे पुढे कधी सीलंट फाटलं तरी पाण्याला लाकूड मिळत नाही. यात एक दिवस जास्त जातो, जाऊ द्या.

फिटिंगच्या मटेरियलबद्दल लोक भरपूर वाद घालतात, माझं मत अगदी साधं आहे. स्वस्तातलं पांढरं प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होतं आणि कॉलर तडकते, वॉटरलाइनच्या वर असलं तरी ते नको, कारण सेलबोट कलली की वरचं फिटिंग पाण्याखाली जातंच. ब्राँझ किंवा काचेचे तंतू घातलेलं नायलॉन, म्हणजे मॅरेलॉन, दोन्ही चांगले. साधं पितळ समुद्राच्या पाण्यात अजिबात नको. गॅलीच्या ड्रेनवर जुना बॉल व्हॉल्व्ह होता तो बदलायला काढला तेव्हा त्याचे आटे पान्याच्या पहिल्याच जोराला तुटून हातात आले आणि तुटलेल्या जागी पिवळ्याऐवजी गुलाबी रंग. पितळातलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि मागे तांब्याचा पोकळ सांगाडा उरतो, बाहेरून बघून काही कळत नाही. सीझनभर आम्ही त्याच व्हॉल्व्हच्या भरवशावर फिरत होतो हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

त्या जागी आता फ्लँजवाला सीकॉक आहे, म्हणजे रुंद बुडाचा, हलला पक्का बसवायचा व्हॉल्व्ह, आणि खाली बॅकिंग ब्लॉक, म्हणजे आधाराचा ठोकळा. थ्रू-हलवर, म्हणजे हलच्या भोकात बसवलेल्या आटेदार फिटिंगवर, नुसता बॉल व्हॉल्व्ह फिरवून लावणं खूप ठिकाणी दिसतं पण थ्रू-हलचे आटे सरळ असतात आणि साध्या बॉल व्हॉल्व्हचे निमुळते, त्यामुळे दोन-तीन आटेच पकडतात, बाकी सगळं सीलंटच्या जिवावर. एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या एच-२७ या मानकात सीकॉक बसवल्यावर त्याच्या आतल्या टोकाला ५०० पौंड, म्हणजे २२७ किलोचा जोर ३० सेकंद सहन झाला पाहिजे असं दिलंय. हा आकडा मोठा वाटतो, पण लाटांत बोट आपटत असताना लॉकरमधलं जड सामान किंवा घसरलेला माणूस व्हॉल्व्हवर आदळला तर काय होईल याचा विचार केला की पटतो. व्हॉल्व्ह तुटला तर भोकात ठोकायला प्रत्येक सीकॉकला निमुळती लाकडी गुल्ली दोरीने बांधून ठेवलीये, ती तिथेच पाहिजे, शोधायची वेळ येता कामा नये.

आता पंपाबद्दल, कारण खरा अनुभव इथलाच आहे. सुरुवातीला शॉवरसाठी तयार सम्प बॉक्स होता, म्हणजे पारदर्शक झाकणाचा डबा, आत गाळणी, फ्लोट स्विच आणि छोटा सेंट्रिफ्युगल पंप. बसवायला सोपा, आवाज जवळजवळ नाही, पाणी आलं की आपोआप चालू. ज्यांना आठवड्यातून एखादी आंघोळ करायचीये त्यांना पुरेल. पण रोज वापर असेल तर त्याची अडचण लवकर कळते. हा पंप तळापर्यंत उपसत नाही, खाली बोटभर पाणी राहतंच, आणि पंप बंद झाला की होजमध्ये चढलेलं पाणी परत डब्यात येतं. मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका असं सुचवतात पण त्यात केस अडकतात आणि तो अर्धवट उघडा राहतो. मग ते बोटभर पाणी गरम केबिनमध्ये एक-दोन दिवस बसतं, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि सडक्या अंड्याचा वास सुरू होतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. झाकण उघडलं की आत करडा, जेलीसारखा थर, गाळणीला आतून चिकटलेला, आणि फ्लोटच्या पिनेभोवती केसांची दोरी. चिमट्याने काढावी लागायची.

म्हणून तो डबा काढला आणि डायफ्राम पंप (आतला रबरी पडदा हलवून पाणी ओढणारा) लावला, व्हेल कंपनीचा गल्पर २२०. मिनिटाला १४ लिटर उपसतो, कोरडा चालला तरी बिघडत नाही आणि केस, बारीक कचरा आतून निघून जातो. हा शॉवरच्या तळापासून लांब बसवता येतो कारण स्वतः पाणी ओढून घेतो, आमचा सिंकखाली हात सहज जाईल अशा उंचीवर आहे. मधे डबाच नाही त्यामुळे साठायला जागाच नाही. आंघोळ झाली की वरून थोडं साधं पाणी ओतून पंप अजून अर्धा मिनिट चालू ठेवतो, म्हणजे साबणाचं पाणी बाहेर आणि लाइनमध्ये जे काही राहील ते स्वच्छ. फ्लोट स्विच नाही, साधं बटण आहे, आंघोळ करणाऱ्याने दाबायचं. ऑटोमॅटिक नसल्याचा त्रास मला वाटला नाही, उलट एक बिघडणारी वस्तू कमी झाली. तक्रार एकच, आवाज. धडधड करतो आणि बल्कहेड, म्हणजे बोटीतली आडवी भिंत, ती धडधड मोठी करून केबिनभर पोचवतो. खाली रबर पॅड टाकल्यावर बराच कमी झाला पण रात्री कोणी झोपलेलं असताना वापरणार असाल तर हा विचार करूनच घ्या.

ड्रेनच्या कामात होज कुठून कसा नेला यावर फिटिंगच्या ब्रँडपेक्षा जास्त अवलंबून असतं असं माझं ठाम मत झालंय. आतून वळ्या असलेला स्वस्त होज वाकायला छान असतो पण प्रत्येक वळीत चरबी आणि साबण बसतो, आतून गुळगुळीत होजच घ्या. सिंकपासून टँकपर्यंत सतत उतार हवा, मीटरला दोन सेंमी तरी, आणि मधे कुठेही पोट सुटलेलं नको, जिथे होज लोंबतो तिथे पाणी थांबतं आणि जिथे थांबतं तिथेच वास. दर हातभर अंतरावर क्लिप मारून होज ताणून बसवला. क्लॅम्प ३१६ स्टेनलेसचे, पाण्याखालच्या जोडाला दोन-दोन, पण हे दोन क्लॅम्प मावतील एवढी लांब शेपटी फिटिंगला आहे का ते बघा, नाहीतर दुसरा क्लॅम्प होजच्या टोकाला कापत बसतो.

सेलबोटवाल्यांसाठी अजून एक. वॉटरलाइनच्या वरचं आउटलेट बोट कलली की पाण्यात जातं आणि मग सायफन सुरू झाला तर बाहेरचं पाणी पंपातून उलटं आत येऊ शकतं. यासाठी होज उंच नेऊन वर हवेचा व्हॉल्व्ह असलेला लूप दिलाय, शक्यतो बोटीच्या मध्यरेषेजवळ, म्हणजे कुठल्याही बाजूला कललं तरी लूपचा वरचा भाग पाण्याच्या वरच राहतो. सायफन अडवायला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. गॅलीचं सिंक आमच्या बोटीत एका बाजूला आहे, त्या बाजूला जोरात कललं की पूर्वी सिंकमध्ये समुद्र यायचा, आता निघण्यापूर्वी सीकॉक बंद करून थ्री-वे टँककडे फिरवतो आणि चालत्या बोटीतही भांडी धुता येतात. हा फायदा आधी डोक्यातच नव्हता.

टँक लागतो का? मार्पोल या जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचं परिशिष्ट ४, जे २००३ साली लागू झालं, ते टॉयलेटच्या मैल्याबद्दल आहे, सिंक-शॉवरचं पाणी त्यात वेगळं येत नाही, मैल्यात मिसळलं तरच येतं. पण स्थानिक नियम याहून कडक असू शकतात, उदाहरणार्थ अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या तलावांत सिंकचं पाणीही सोडता येत नाही. जिथे बोट ठेवता तिथले नियम आधी वाचा. आणि नियम नसला तरी वारा पडलेला आहे, शांत खाडीत चार बोटी जवळजवळ नांगरलेल्या आहेत, शेजारची मुलं पाण्यात पोहतायत आणि आपल्या बोटीतून फेस आणि भाताची शितं तरंगत त्यांच्याकडे चाललीयेत, हे मला आता बघवत नाही. टँक असला की ते पाणी दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे योग्य जागी सोडता येतं.

टँकमध्ये पाणी ठेवायचं किती वेळ, तर शक्यतो रात्रभरच, दोन दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. व्हेंट पाइप, म्हणजे टँकची हवेची नळी, बारीक ठेवू नका, हवा आत खेळली तर वास कमी येतो, आम्ही २५ मिमीचा ठेवलाय. वरच्या बाजूला हात जाईल एवढं झाकण घ्याच, त्याशिवाय टँक विकत घेऊ नका. लेव्हल गेजचा फ्लोट चरबीने चिकटतो, काही आठवड्यांतच आमचा काटा अर्ध्यावर अडकून बसला, आता टँकच्या बाहेरून चिकटवायचा सेन्सर लावणार आहे, तोपर्यंत अर्धपारदर्शक टँकवर मागून टॉर्च मारून पातळी बघतो आणि ते पुरतं. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका सवयीचा, ताटं-कढई धुण्याआधी तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाकायचं. तेव्हापासून टँकच्या भिंतीवरचा थर अगदी पातळ असतो. ब्लीच टाकत नाही, पंपातल्या रबराला चांगलं नाही, एन्झाइमचं क्लीनर आणि भरपूर साधं पाणी यावर भागतं.

न आवडलेल्या गोष्टी म्हणाल तर पंपाचा आवाज वर लिहिलाच, सीटखालची जागा गेली, आणि थ्री-वे व्हॉल्व्ह महिनाभर फिरवला नाही की जाम होतो, म्हणून प्रत्येक वेळी बोटीवर गेलो की सगळे सीकॉक आणि व्हॉल्व्ह एकदा उघड-बंद करतो. फक्त दिवसभर फिरून संध्याकाळी परत येणाऱ्यांनी टँकच्या भानगडीत पडायची गरज नाही, शॉवरचा पंप वेगळा करा आणि जुने पितळी व्हॉल्व्ह काढून रंग बघा. रात्री बोटीवर राहणार असाल तर मात्र टँकसकट सगळं करा, आणि पंपाच्या डायफ्राम व व्हॉल्व्हचं किट पंपाबरोबरच मागवून बोटीवर ठेवा, ते बदलायला स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा तास पुरतो.