भीमगड की कुळगी?

बेळगावकरांना दोन दिवस जंगलात काढायचे असतील, तर खानापूर तालुक्यातील भीमगड जवळचा आणि दांडेलीपासून सुमारे 12 किलोमीटरवरचा कुळगीचा तळ सोयीचा पडतो. कुळगीला वनखात्याचे तंबू आहेत, सकाळच्या चहाच्या वेळी धनेशाच्या पंखांचा भस्स-भस्स आवाज डोक्यावरून जातो, आणि मुलाबाळांसह निघालेल्यांनी हाच तळ धरावा. भीमगड मात्र पायी हिंडणाऱ्यांचा. 2011 मध्ये अभयारण्य झालेल्या या रानात म्हादई उगम पावते, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत जगात मोजक्याच ठिकाणी आढळणारे रॉटनचे वटवाघूळ राहते, आणि ओल्या पाचोळ्यातून चालताना जळवा नकळत मोज्यांत शिरतात (मिठाची पुरचुंडी मी एकदाच विसरलो). वनखात्याची परवानगी काढूनच जावे लागते, तरी माझा कल भीमगडाकडेच आहे.