पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर : सोनोग्राफी, पिपेल, दुर्बीण की क्युरेटिंग?

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यानंतर अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले, मग तो एखादाच डाग का असेना, तर तपासणी करावी, याबद्दल वैद्यकात दुमत नाही. दुमत असते ते कोणती तपासणी आधी करावी आणि कुठे करावी याबद्दल. वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सयाजीराव जनरल हॉस्पिटल जवळ आहे, खासगी स्त्रीरोगतज्ज्ञही हाकेच्या अंतरावर आहेत, आणि पर्याय असे मुबलक असल्यामुळेच सल्लेही वेगवेगळे मिळतात. एक डॉक्टर म्हणतात सोनोग्राफी पुरे, दुसरे म्हणतात क्युरेटिंग, म्हणजे भूल देऊन गर्भाशयाचे अस्तर खरवडून काढणे, करून टाकू, आणि तिसरे म्हणतात की आता वय झालेच आहे, तर पिशवीच, म्हणजे गर्भाशयच, काढून टाकलेली बरी. या सल्ल्यांपैकी एक निवडण्याची वेळ ज्या घरावर आली आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या शंभर स्त्रियांपैकी साधारण पाच ते दहा जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. उरलेल्यांमध्ये अस्तर पातळ होऊन सुकणे, पॉलिप म्हणजे अस्तरावर वाढलेला मऊ कोंब, हार्मोनच्या गोळ्या अशी कारणे सापडतात. उलट बाजूने पाहिले तर रजोनिवृत्तीनंतर हा कर्करोग झालेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांना रक्तस्राव हेच लक्षण झालेले असते, आणि आजार गर्भाशयापुरताच असताना उपचार मिळाले तर निष्पत्ती फार चांगली असते. म्हणून आठ-पंधरा दिवस विचार करण्यात गेले तर बिघडत नाही. ‘उष्णता वाढली असेल’ म्हणून दिवाळी होऊ देणे, मग लग्नसराई होऊ देणे, यात मात्र महिने जातात.

वाट कोणतीही धरली तरी पहिली पायरी एकच आहे : स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडा धरणारे उपकरण, लावून गर्भाशयाचे मुख डोळ्यांनी पाहणे. भारतात गर्भाशयमुखाचा कर्करोग अस्तराच्या कर्करोगापेक्षा बराच अधिक आढळतो आणि रक्त तिथूनही येत असू शकते. सोनोग्राफीचा कागद कितीही स्वच्छ असला तरी तो या तपासणीची जागा घेत नाही. पॅप स्मिअरविषयीही गैरसमज फार आहे. ती चाचणी मुखाची आहे, आतल्या अस्तराची नाही. ती नॉर्मल आली म्हणून गर्भाशयाच्या कर्करोगाची शंका फिटत नाही. रक्तातल्या सीए-१२५ या चाचणीवरही हे निदान होत नाही.

सोनोग्राफी पुरेशी केव्हा असते

येथे सोनोग्राफी म्हणजे योनिमार्गातून केलेली, लघवी करून आल्यावर केली जाणारी सोनोग्राफी. पाणी पिऊन पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी तितक्या नेमकेपणाने मोजता येत नाही, आणि संकोचामुळे वयस्क स्त्रिया पोटावरूनच करून घेतात असे पुष्कळदा घडते. म्हणून चिठ्ठीवर ती योनिमार्गातून असे स्पष्ट लिहून घ्यावे. पाळी गेलेल्या स्त्रीमध्ये अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीचे आणि सर्वत्र सारखे दिसले, तर कर्करोग असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी राहते. अशा वेळी, रक्त एकदाच गेले असेल तर, पुढची तपासणी न करता लक्ष ठेवणे हा योग्य आणि सर्वमान्य पर्याय आहे. सुई नाही, भूल नाही, पंधरा-वीस मिनिटांत घरी.

मात्र या ४ मिलिमीटरचा अर्थ मर्यादित आहे. रक्तस्राव पुन्हा झाला, तर अस्तर पातळ असले तरी त्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावाच लागतो, कारण काही आक्रमक प्रकारचे कर्करोग पातळ अस्तरातही आढळतात. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीचे अस्तर औषधामुळेच जाड दिसते, त्यामुळे तिथे ही मोजणी भरवशाची नसते. मोठ्या फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतल्या साध्या गाठीमुळे, अस्तराची रेषा नीट दिसलीच नाही, तर अहवालात तसे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा करून घेऊ नये. ज्यांची पाळी अजून चालू आहे त्यांना तर हा आकडा लागूच पडत नाही, कारण त्यांच्यात जाडी महिन्याच्या चक्राप्रमाणे कमी-जास्त होतच असते.

तुकडा घ्यायचा ठरला तर

खरी निवड इथे असते, आणि ती पिपेल आणि हिस्टेरोस्कोपी यांच्यातली असते. पिपेल ही सुमारे ३ मिलिमीटर जाडीची लवचिक प्लास्टिकची नळी असते. ती गर्भाशयमुखातून आत सरकवतात, आतला दट्ट्या मागे ओढतात, आणि निर्माण झालेल्या ओढीने अस्तराचे बारीक कण नळीत येतात. ओपीडीच्याच टेबलावर, भूल न देता, काही मिनिटांत हे होते. पाळीच्या जोरदार कळेसारखी कळ येते आणि बहुतेकींची ती लवकर ओसरते; तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यावी का, हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्या सत्तरीच्या स्त्रीला भूल टाळता येते, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सांगावी, पण आपल्या मनाने बंद करू नये. आणि ‘त्या गोळीमुळेच रक्त गेले असेल’ असे गृहीत धरून तपासणीही टाळू नये.

कर्करोग अस्तरभर पसरलेला असेल तर पिपेल तो क्वचितच चुकवते. तिची उणीव वेगळी आहे : नळी आंधळेपणाने फिरते आणि अस्तराच्या थोड्याच भागाचा नमुना घेते. आजार एका कोपऱ्यात किंवा एखाद्या पॉलिपच्या टोकाशी असेल तर तो तसाच राहून जाऊ शकतो. दुसरी अडचण म्हणजे वयामुळे मुख आकसलेले असले तर नळी आत जातच नाही, किंवा गेली तरी नमुना तपासण्याइतका मिळत नाही. ‘नमुना अपुरा’ हा शेरा ‘कर्करोग नाही’ या शेऱ्याहून पूर्ण वेगळा आहे. अपुऱ्या अहवालाची पुन्हा तपासणी, किंवा निदान सोनोग्राफीशी पडताळणी व्हायला हवी.

हिस्टेरोस्कोपीत बारीक दुर्बीण आत घालून, सलाइनने पोकळी फुगवून, आतला भाग पडद्यावर पाहतात आणि जिथे संशय वाटेल तिथलाच तुकडा घेतात. पॉलिप दिसला तर बहुतेक वेळा त्याच बैठकीत तो काढता येतो, म्हणजे निदान आणि उपाय एकाच वेळी. अगदी बारीक दुर्बीण वापरून ही तपासणी भूल न देताही करता येते. पण ती सोय आहे का हे विचारूनच जावे, कारण अनेक ठिकाणी भूल देऊनच, दिवसभर दाखल करून हिस्टेरोस्कोपी करतात. खर्च पिपेलपेक्षा बराच जास्त येतो. गर्भाशयाला भोक पडणे, संसर्ग होणे हे धोके आहेत, पण ते क्वचितच घडतात. सलाइनच्या दाबाने कर्करोगाच्या पेशी नळ्यांवाटे पोटात पसरतात का, अशी शंका काही नातेवाईक विचारतात. काही पेशी तिथवर जाऊ शकतात असे आढळले आहे. परंतु त्यामुळे रुग्णाचे पुढचे आयुष्य घटते असा पुरावा मिळालेला नाही.

माझे मत असे आहे की सोनोग्राफीत अस्तर सगळीकडे सारखेच जाड दिसत असेल तर पिपेलने सुरुवात करावी, आणि एकाच जागी उंचवटा किंवा पॉलिप दिसत असेल तर पिपेलवर वेळ न घालवता थेट हिस्टेरोस्कोपी करावी. पिपेलचा अहवाल स्वच्छ येऊनही रक्त जातच राहिले तर हिस्टेरोस्कोपी हीच पुढची पायरी आहे. ‘एकदा झाली ना तपासणी’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आपल्याकडे सर्वाधिक परिचित असलेले क्युरेटिंग या दोन्हींच्या मध्ये बसते आणि दोन्हींचे तोटे थोडेथोडे घेऊन येते : भूल लागते, आणि तरीही आत काय चालले आहे ते दिसत नाही. भूल द्यायचीच असेल तर सोबत दुर्बीण का नाही, हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. दुर्बिणीची सोय नसेल आणि पिपेलने पुरेसा नमुना मिळत नसेल, तर क्युरेटिंग काहीच न करण्यापेक्षा निश्चितच बरे.

आधी पिशवीच काढण्याचा सल्ला

‘पुन्हा कटकट नको’ या एका वाक्यावर अनेक घरे या सल्ल्याला होकार देतात, आणि माझा सर्वांत ठाम विरोध याच पर्यायाला आहे. रक्तस्रावाचे कारण साधे निघाले, तर पॉलिप काढून किंवा औषधाने भागले असते तिथे एक मोठी शस्त्रक्रिया झालेली असते. कारण कर्करोग निघाला, तर अडचण अधिकच वाढते : त्या शस्त्रक्रियेत बीजकोश आणि नळ्याही काढायच्या असतात, लसिका गाठी तपासायच्या की नाही ते ठरवायचे असते, आजार स्नायूत किती खोल गेला आहे ते आधी एमआरआयवर पाहायचे असते. हे सारे माहीत नसताना पिशवी काढली गेली तर दुसरी शस्त्रक्रिया किंवा जास्तीचे शेक (रेडिएशन) घेण्याची वेळ येऊ शकते. पोटात दुर्बीण घालून (लॅपरोस्कोपीने) काढताना पिशवीचे आत तुकडे केले गेले आणि तीत कर्करोग निघाला, तर तो पोटात पसरण्याचा धोका असतो. अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय रक्तस्रावासाठी पिशवी काढायला संमती देऊ नये.

ज्यांची पाळी अजून सुरू आहे, पण अनियमित किंवा अति जाते, त्यांच्यापुढचा मोह वेगळा असतो. गोळ्यांनी रक्त थांबते आणि तपासणी राहून जाते. वय ४५ च्या पुढे असेल, किंवा त्याआधीही लठ्ठपणा, पीसीओएस (हार्मोनच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा विकार) अशी कारणे असतील, तर हार्मोनच्या गोळ्या सुरू करण्याआधी तुकडा घेणे चांगले. गोळ्यांमुळे अस्तराचे सूक्ष्मदर्शकाखालचे रूप बदलते आणि अहवाल वाचणे अवघड होते. जवळच्या नातेवाइकांत तरुण वयात मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगावे. अविवाहित स्त्रियांना योनिमार्गातून तपासणी नको वाटत असेल, तर गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा भूल देऊन बारीक दुर्बिणीने तपासणी असे मार्ग आहेत.

सयाजी, खासगी की अहमदाबाद

पहिल्या तपासणीसाठी वडोदरा सोडण्याचे कारण नाही. सयाजी हॉस्पिटल बडोदा मेडिकल कॉलेजला जोडलेले असल्याने स्त्रीरोग, भूल आणि पॅथॉलॉजी हे विभाग एकाच छत्राखाली येतात आणि खर्च नाममात्र राहतो. त्याची किंमत केस पेपरच्या रांगेत, फेऱ्यांत आणि तपासणीच्या वेळी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांत मोजावी लागते. खासगीत वेळ ठरवून मिळते आणि प्रत्येक खेपेला त्याच डॉक्टर भेटतात. एरवी संकोचाने तपासणीच टाळणाऱ्या स्त्रीसाठी ही गोष्ट लहान नाही. आयुष्मान कार्डाचा लाभ मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना मिळतो, ओपीडीतल्या पिपेलचे पैसे बहुधा आपणच भरावे लागतात. केवळ कार्ड चालावे म्हणून दाखल होऊन क्युरेटिंग करून घेण्याआधी हा हिशेब नीट मांडावा. ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर २०२४ पासून हे कार्ड मिळू शकते.

खासगीत एक गोष्ट नातेवाइकांच्या हाती येते, अक्षरशः. काढलेला तुकडा लहानशा डबीत घालून ‘लॅबमध्ये पोचवा’ म्हणून देतात. डबीत पाणी किंवा सलाइन नसून फॉर्मॅलिन, म्हणजे नमुना टिकवणारे द्रव, आहे ना, हे विचारावे. डबीवर रुग्णाचे पूर्ण नाव, वय, तारीख आणि नमुना कुठला आहे ते लिहिलेले असावे. सोबतच्या चिठ्ठीवर पाळी कधी बंद झाली, कोणती औषधे चालू आहेत आणि सोनोग्राफीत जाडी किती होती, हेही असावे. डबी त्याच दिवशी पोचवावी, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवू नये.

अहवालात ‘हायपरप्लेसिया’, म्हणजे अस्तराची अति वाढ, असा शब्द आला तर पुढचे दोन शब्द नीट वाचावेत. अटीपिया म्हणजे पेशींचे रूप बिघडलेले असणे. ‘विदाउट अटीपिया’ असेल तर वीस वर्षांत कर्करोगाकडे जाण्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे आणि प्रोजेस्टेरॉनचे औषध घेऊन किंवा ते सोडणारा आययूडी (गर्भाशयात बसवायचे तांबीसारखे साधन) बसवून, ठरावीक अंतराने पुन्हा तुकडा तपासून भागते. ‘विथ अटीपिया’ असेल तर मात्र आत कर्करोग आधीच असण्याची शक्यता बरीच मोठी असते, आणि मूल हवे असलेल्या तरुण स्त्रिया वगळता पिशवी काढण्याचाच सल्ला दिला जातो. तो सल्ला या टप्प्यावर योग्य असतो.

कर्करोग किंवा अटीपिया निघाल्यावर अहमदाबादच्या असारवा भागातील गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटला जावे, की दादरला नातेवाईक आहेत म्हणून परळच्या टाटा हॉस्पिटलला, हा प्रश्न येतो. असारवा सुमारे ११० किलोमीटरवर आहे. शस्त्रक्रियेनंतर शेक घ्यावे लागले तर आठवडेच्या आठवडे ये-जा करावी लागते, म्हणून सोबत कोण राहू शकेल यावर हा निर्णय घ्यावा. कुठेही गेले तरी तिथले पॅथॉलॉजिस्ट नमुना स्वतः पुन्हा पाहतात. त्यामुळे छापील अहवालाबरोबर मूळ लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक अर्ज देऊन मागून घ्यावेत, मोजून घ्यावेत, त्यांवरचा क्रमांक अहवालातल्या क्रमांकाशी जुळवावा, आणि ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत.