कोड: मलम, लाइट, शस्त्रक्रिया की आहे तसं?

माझे कोडाचे डाग दोन ठिकाणी होते, डोळ्याच्या कडेला आणि उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना. डॉक्टर एकच, मलम एकच, लाइटही तोच. आठ महिन्यांत चेहऱ्यावरचा डाग जवळजवळ भरला, बोटं होती तशीच राहिली. म्हणून कुणी ‘कुठला उपचार चांगला?’ विचारलं की मी आधी विचारते, डाग कुठे आहे आणि पसरतोय का?

रंग बहुतेक वेळा केसांच्या मुळांतून परततो. रंगपेशींचा साठा तिथे असतो, म्हणून आधी तिळासारखे ठिपके उठतात आणि मग ते एकमेकांत मिसळतात. बोटांच्या टोकांना केसच नाहीत. डागावरचे केसही पांढरे झाले असतील तर साठा संपल्यात जमा.

डाग मोजके आणि लहान असतील तर मलमापासून सुरुवात करावी. स्टेरॉइड जास्त दिवस लावलं की कातडी पातळ होते, त्यामुळे चेहऱ्यावर टॅक्रोलिमस, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं मलम, बरं. सुरुवातीला थोडं चुरचुरतं. रक्सोलिटिनिब क्रीमला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये १२ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. चाचण्यांत २४ आठवड्यांनी सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचं कोड किमान ७५ टक्क्यांनी सुधारलं. म्हणजे उरलेल्या सत्तर टक्क्यांना त्या वेळेत तेवढा फरक पडला नाही, हेही ध्यानात ठेवा.

डाग अंगभर असतील किंवा वाढत असतील तर नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश, घ्यावा. गरोदरपणातही सहसा चालतो. पण आठवड्यातून दोन-तीनदा जायचं, आणि सहा महिने झाल्याशिवाय निकाल लावायचा नाही. माझी खरी दमछाक उपचारापेक्षा लोकलने केली! क्लिनिक लांब असेल तर घरी वापरायच्या छोट्या मशीनबद्दल डॉक्टरांना विचारा. बावचीचं तेल लावून उन्हात बसायचा सल्ला मात्र नम्रपणे परत करा. त्यात सोरालेन, म्हणजे कातडीवरचा उन्हाचा परिणाम वाढवणारं द्रव्य, असतं, ऊन मोजून घेता येत नाही आणि फोड येतात.

शस्त्रक्रियेचा, म्हणजे चांगल्या भागातली कातडी किंवा रंगपेशी डागावर बसवण्याचा, विचार डाग किमान वर्षभर स्थिर असेल तरच करा. रोग चालू असताना कातडी काढली तर जखमेच्या जागीच नवा डाग उठू शकतो. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं आणि थांबलेलं कोड असेल, तर हा पर्याय खरोखर चांगला.

काहीच न करणं हाही पर्याय आहे. कोड संसर्गजन्य नाही. ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या नावाने उगाच घोळ घातलाय. कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, आणि दूध-मासे एकत्र खाल्ल्याने ते होतं हेही खोटं. थायरॉइड मात्र तपासून घ्या, कोड आणि थायरॉइडचा आजार बरेचदा जोडीने येतात.

बोटांचं मी सोडून दिलं. लग्नकार्य असलं की कॅमोफ्लाज, म्हणजे डाग झाकणारं, क्रीम लावायचे, पण भांडी घासली की ते जातं. आता फक्त उन्हात निघताना सनस्क्रीन लावते.