मॉरिशस की रियुनियन?

मॉरिशसची तिकिटं शोधताना नकाशात शेजारी रियुनियन दिसतंच, मध्ये जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर, आणि वाटतं की काय फरक असणारे, दोन्हीकडे ऊस, दोन्हीकडे क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली स्थानिक भाषा, बोलतात. पण फरक पार जमिनीपासून आहे.

मॉरिशस म्हातारं बेट. ज्वालामुखी थंड पडलेले, सगळ्यात उंच डोंगर 828 मीटर आणि बेटाभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाची भिंत, त्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं. लहान मुलं किंवा आईबाबा बरोबर असतील तर मी दुसरा विचारच करणार नाही. रियुनियन तरुण आणि तापट! पितों द ला फुर्नेझ अजून लाव्हा ओकतो, पितों दे नेज हा डोंगर तर 3000 मीटरच्या वर. माफातच्या खोऱ्यात गावं आहेत पण गाडीरस्ता नाही, चालत जायचं, सामान हेलिकॉप्टरने येतं. ट्रेकिंगवाल्यांची चंगळ. फक्त पोहायचं असेल तर जपून, शार्कच्या हल्ल्यांमुळे 2013 पासून लगून (प्रवाळाच्या भिंतीआडचं शांत पाणी) आणि ठरावीक जागा सोडून पाण्यात उतरण्यावर निर्बंध आले.

1810 मध्ये इंग्रजांनी दोन्ही बेटं फ्रेंचांकडून घेतली, नंतर रियुनियन परत दिलं आणि मॉरिशस ठेवलं, पुढचं सगळं तिथून बदललं. मॉरिशसला 1834 पासून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर आणले गेले, त्यात कोकणातली माणसंही होती, म्हणून तिथे आजही शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि आपली जाखडी तिकडे झाकरी म्हणून नाचतात. 1968 ला देश स्वतंत्र झाला, मग साखरेच्या जोडीला कापड, टुरिझम, बँकिंग. रियुनियन 1946 पासून फ्रान्सचा जिल्हाच म्हणा ना, चलन युरो, बराचसा माल फ्रान्सहून येतो, त्यामुळे महाग. तमिळ वंशाचे लोक तिथेही भरपूर आहेत, कोविल म्हणजे तमिळ देवळं आहेत, पण क्रिओल सोडली तर रोजचं सगळं फ्रेंचमध्ये, इंग्लिशवर फार भरवसा ठेवू नका.

खाण्यात माझं मत सरळ मॉरिशसला. रस्त्यावरची दालपुरी, म्हणजे चणाडाळ भरलेली पातळ पोळी, जोडीनेच मिळते, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी आणि चटणी, कागदात गुंडाळून हातात. पुरणपोळी खाणाऱ्याला ती परकी वाटतच नाही, फक्त गोड नसते.

दोन्ही करायचं असेल तर विमान तासाभराच्या आत पोचवतं. पण एक लक्षात ठेवा, रियुनियन फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटात, येत नाही, त्यामुळे पॅरिसच्या व्हिसावर तिथेही उतरता येईल असं धरून बुकिंग करू नका.