पहिला मायक्रोस्कोप: स्टिरिओ की कंपाउंड?

कंपाउंड म्हणजे काचपट्टीवरची पातळ वस्तू खालून उजेड देऊन खूप मोठी दाखवणारा, स्टिरिओ म्हणजे आख्खी वस्तू कमी पटीत, दोन्ही डोळ्यांनी दाखवणारा. माझ्याकडे दोन्ही आहेत, आधी कंपाउंड घेतला आणि दोन वर्षांनी स्टिरिओ, त्यामुळे ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

कंपाउंडची ताकद मोठीच आहे. डबक्यातलं पाणी बघा, स्टिरिओत पॅरामिशियम (पाण्यातला एकपेशीय जीव) म्हणजे नुसता पळणारा पांढरा ठिपका, कंपाउंडला १०० पटीत त्याच्या कडेच्या केसांची थरथर दिसते. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, ७-८ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तांबड्या रक्तपेशी, ४०० पटीत दह्यातल्या जंतूंच्या बारीक काड्या (त्याही जेमतेम), हे १० ते ४० पटीतल्या स्टिरिओचं कामच नाही. व्हायरस मात्र दोन्हीत विसरा, उजेडाने साधारण ०.२ मायक्रॉनच्या खालचं सुटं दिसत नाही. तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो, पण त्यात निर्वात पोकळी असते, म्हणजे जिवंत, हलणारा किडा बघायचं राहूनच जातं.

आता मला खरा वैताग कशाचा आला ते सांगतो. जास्वंदीवर मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) पडला होता, म्हटलं जवळून बघू. कंपाउंडमध्ये उजेड खालून येतो, पान जाड, त्यामुळे मावा म्हणजे काळी सावली. वरून टॉर्च मारला तर ४ पटीच्या लेन्सला जरा दिसतं, पण ४० ची लावली की लेन्स आणि पान यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर, उजेड शिरणार कुठून? पायावर फोकस केला की पाठ धूसर, पाठीवर केला की पाय गायब, त्यात चित्र उलटं, किडा उजवीकडे निघाला की आपल्याला डावीकडे जाताना दिसतो आणि पान सरकवताना हात दर वेळी चुकतो. नीट बघायचं तर त्याला काचेखाली दाबून चपटा करायचा, मग तो मावा राहिला कुठे?

स्टिरिओ आल्यावर आख्खी डहाळी खाली ठेवली. दहा सेंटीमीटर मोकळी जागा, सुलट चित्र, दोन्ही डोळ्यांनी उंच-सखलपणा दिसतो. एक मादी पिल्लू घालत होती, आपल्याकडे मावा थेट पिल्लंच घालतो, मागची बाजू आधी बाहेर, आणि ते अर्धवट लोंबकळत पाय हलवत होतं. आईला हाक मारली, ती चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत बसली.

बीएस्सीचा अभ्यास, रक्त, जंतू असं काही डोक्यात असेल तर कंपाउंडच घ्या, त्यात वाद नाही. बाग, किडे, बिया, परागकोश बघायचे असतील तर मला वाटतं आधी स्टिरिओ, अर्थात हा माझा अनुभव, तुमचा वेगळा असू शकतो. माझा कंपाउंड पावसाळ्यात डबकी भरली की बाहेर निघतो, स्टिरिओवर कव्हर घालायची वेळच येत नाही.