होमलेस गार्डन प्रोजेक्ट: शेत, दुकान आणि वर्षभराचे पगारी प्रशिक्षण

कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे १९९० साली सुरू झालेल्या ‘होमलेस गार्डन प्रोजेक्ट’च्या दुकानातले, दारावर टांगण्याचे सुक्या फुलांचे गोल तोरण पाहताना आधी नजरेत भरते ती त्याची बांधणी. फुलांची प्रत्येक छोटी जुडी तारेने आवळून आधीच्या जुडीच्या देठांवर अशी बसवलेली असते की तार कुठे दिसतच नाही. बेघर असण्याचे दिवस काढलेल्या हातांचे हे काम आहे. तरीही ते दयेपोटी नव्हे, उत्तम आहे म्हणूनच घ्यावे, असे मी सांगेन.

संस्था बेघरांना आपल्या सेंद्रिय शेतात साधारण वर्षभर काम देते आणि त्या कामाचे वेतनही देते. मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. ज्याला आजच्या जेवणाची भ्रांत आहे, त्याला बिनपगारी प्रशिक्षण परवडत नाही. शिवाय आज रोप लावले की उद्या त्याला पाणी द्यायला यावेच लागते, त्यामुळे वेळ पाळणे, सोबत्यांशी जुळवून घेणे, हाती घेतलेले तडीस नेणे या गोष्टी व्याख्यानांविना अंगवळणी पडतात. पुढची नोकरी आणि घर शोधण्यासाठीही मदत मिळते.

शेतमालाचा काही भाग हंगामाची वर्गणी आगाऊ भरणाऱ्या कुटुंबांकडे जातो. अशा पद्धतीत भाजी निवडता येत नाही, जे पिकेल ते घ्यावे लागते. मात्र ती ताजी मिळते आणि शेताच्या हाती पीक निघण्यापूर्वीच पैसा येतो.