नवी बस, अकरा महिने आणि ते झुकण्याचं बटण

वार्षिक पास पुढच्या आठवड्यात संपतोय आणि परवा आई बसच्या दारात अडखळली. पडली नाही, मागे उभ्या असलेल्या मुलाने तिचा दंड धरला. पास पुन्हा काढायचा की नाही, हा विचार तिथून सुरू झाला.

आमच्या भागातल्या बस कंपनीने गेल्या वर्षी जुन्या डिझेल गाड्या काढून इलेक्ट्रिक लो-फ्लोअर, म्हणजे तळ रस्त्याच्या जवळ असलेल्या, गाड्या आणल्या. त्यात काय काय आहे ते सगळ्यांनी वाचलंय, परत सांगत नाही. मी आठवड्यातून पाच दिवस जाऊन-येऊन करते, आणि दोनदा आईला घेऊन फिजिओथेरपीला जाते. तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. या बसच्याच भरवशावर मी दुचाकी विकली आणि वर्षाचे पैसे एकरकमी भरले. महिन्याच्या पासापेक्षा तो स्वस्त पडतो, पण मध्येच सोडला तर पैसे परत नाहीत. एवढं गुंतवल्यावर माणूस बारकाईने बघतो.

चांगलं आधी सांगते. आवाज गेला, हे सगळ्यात मोठं सुख. जुन्या गाडीत मागच्या बाकावर बसलं की इंजिनाची थरथर पाठीतून डोक्यात चढायची. आता घरी पोचल्यावर डोकं दुखत नाही. पहिले दोन महिने हिसके फार बसत. या गाडीत ड्रायव्हरने पायडलवरून पाय उचलला की मोटरच जनरेटर होते, गाडीचा वेग बॅटरीत परत जातो आणि गाडी एकदम ओढल्यासारखी मंदावते. डिझेलच्या सवयीने पाय झटकन उचलला की उभी माणसं पुढे जायची. आता ते जवळपास थांबलंय. गाड्या त्याच आहेत, चालवणाऱ्यांचे पाय बसले. उन्हाळ्यात एसी बॅटरीतूनच चालतो, त्यामुळे रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जाते ते अंतर, कमी होते आणि दुपारची एक फेरी अधूनमधून रद्द व्हायची; डेपोत दुपारच्या चार्जिंगची सोय झाल्यापासून तेही सुधारलं. विजेवरच्या बसला अजून कुणी प्रयोग म्हणत असेल तर चीनमधल्या शेन्झेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपला १६ हजारांहून जास्त बसचा सगळा ताफा विजेवर नेला होता. सीटजवळचे फोन चार्ज करायचे सॉकेट निम्मे सैल झालेत. मला त्याने फरक पडत नाही.

मला फरक पडतो तो एका बटणाने.

ही बस झुकते. दाराच्या बाजूच्या चाकांवरच्या हवेच्या फुग्यांमधली हवा थोडी सोडली की गाडी त्या बाजूला खाली बसते, माणसं चढली की कॉम्प्रेसर पुन्हा हवा भरतो आणि गाडी सरळ होते. कंपनीच्या पत्रकात याला ‘नीलिंग’ म्हटलंय. आई म्हणते, ‘उंट बसला’. पहिल्या आठवड्यात तो खरंच बसायचा. हवा सुटल्याचा फुस्स आवाज यायचा, पायरी खाली यायची आणि आई माझा हात न धरता चढायची. तिसऱ्या दिवशी आत जाऊन बसल्यावर ती म्हणाली, ‘आता तू नसलीस तरी मी येईन.’ दुचाकी विकायचा निर्णय मी त्या संध्याकाळी घेतला.

मग उंट बसायचा थांबला. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून एकही ड्रायव्हर बटण दाबेना. मी विनंती करायचे, कुणी ऐकल्यासारखं करायचं, कुणी घड्याळाकडे बोट दाखवायचं. मी चिडले. तीन लेखी तक्रारी केल्या, थांबा, गाडी क्रमांक, वेळ सगळं देऊन. तिन्हींना एकच उत्तर आलं, की ही सुविधा सर्व गाड्यांमध्ये उपलब्ध आहे. उपलब्ध आहे हे मलाही माहीत होतं, मी ती पैसे भरून विकत घेतली होती. चौथ्यांदा कार्यालयात गेले, दीड तास बसले आणि ‘ड्रायव्हरना सूचना देऊ’ एवढं ऐकून परत आले. हे पहिल्या चार महिन्यांत लिहिलं असतं तर सगळा राग ड्रायव्हरांवर काढला असता. ते चुकीचं ठरलं असतं.

एका रात्री शेवटच्या फेरीला मी एकटीच होते. ड्रायव्हर वयाने मोठे होते. मी विचारलं, ‘दादा, ते झुकण्याचं बटण बिघडलंय का हो?’ ते म्हणाले, बिघडलेलं नाही, पण हात लावायची भीती वाटते. सुरुवातीला एका थांब्यावर फूटपाथ उंच होता. गाडी झुकली आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं दार फूटपाथच्या कडेला घासलं. दाराची खालची पट्टी तुटली, आणि त्या ड्रायव्हरकडून लेखी खुलासा मागितला. डेपोत ही गोष्ट दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना कळली. दुसरं कारण वेळापत्रक. ते जुन्या गाड्यांच्या हिशोबानेच आखलेलं होतं. झुकायला चार-पाच सेकंद, वर यायला तेवढेच, आणि गाडी पूर्ण वर आल्याशिवाय नीट वेग घेऊ देत नाही. तीस थांब्यांवर ते केलं तर पाच मिनिटं उशीर, आणि उशिराचा जाब ड्रायव्हरलाच. ‘ताई, गाडी नवी दिली, पण वेळ जुनीच दिली,’ असं ते म्हणाले. माझ्या चार महिन्यांच्या रागाचा पत्ताच चुकला होता.

दुसऱ्या दिवशी मी मोजपट्टी घेऊन आमच्या थांब्यावर गेले. तिथे गाडीच्या दारातला तळ रस्त्यापासून साधारण ३३ सेंटीमीटर येतो. फूटपाथ १५ सेंटीमीटर. म्हणजे गाडी फूटपाथला चिकटून उभी राहिली तर आईला १८ सेंटीमीटर चढायचं, आणि गाडी झुकली तर ११. पण गाडी दोन हात लांब उभी राहिली तर आधी रस्त्यावर उतरायचं आणि मग ३३ चढायचं. झुकली तरी २६. हे आकडे कागदावर मांडले आणि मला माझं मत बदलावं लागलं. चिकटून उभी राहिलेली न झुकणारी बस ही लांब उभी राहून झुकलेल्या बसपेक्षा आईसाठी बरी. चिकटून उभी राहता येत नाही, कारण थांब्याच्या जागेत लोक गाड्या लावतात, आणि त्यात आमच्याच इमारतीतले दोघे आहेत. त्या दोघांशी मी बोलले. एकाने लावणं बंद केलं.

झुकणं हा या प्रश्नावरचा एकच उपाय आहे असंही नाही. ब्राझीलच्या कुरिचिबा शहरात १९९१ पासून नळीसारखे बंदिस्त थांबे आहेत. त्यांची जमीन बसच्या तळाइतकी उंच, तिकीट आत शिरतानाच काढायचं, आणि बस आली की खोलीतून खोलीत गेल्यासारखं सरळ आत जायचं. बोगोटाने २००० साली तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली. लंडनने रस्त्यालगतचे साधे थांबेच ठेवले, पण २००५ च्या अखेरपर्यंत नेहमीच्या सगळ्या मार्गांवर लो-फ्लोअर गाड्या आणल्या. एका ठिकाणी थांबा उंच केला, दुसऱ्या ठिकाणी गाडी खाली आणली. दोन्हीकडे थांबा आणि गाडी यांचा विचार एकत्र झाला. आमच्याकडे खरेदीच्या कागदांत गाडीची उंची होती, फूटपाथची नव्हती.

पाचवी तक्रार मी वेगळी लिहिली. ड्रायव्हरांविरुद्ध एक शब्द नाही. आमच्या मार्गावरच्या अकरा थांब्यांच्या फूटपाथची उंची दिली, कुठे दार घासेल आणि कुठे घासणार नाही ते लिहिलं, आणि विचारलं की वेळापत्रकात या थांब्यांसाठी वेळ धरली आहे का. याला उत्तर यायला सात आठवडे लागले. पण ते उत्तर माणसाने लिहिलेलं होतं. आठव्या महिन्यात वेळापत्रक बदललं, आमच्या मार्गाला पूर्ण फेरीमागे सहा मिनिटं वाढवून मिळाली. माझ्या पत्रामुळे असं मी म्हणत नाही. कामगारांची मागणीही तीच होती. त्यानंतर दहापैकी सहा-सात वेळा उंट बसतो. काही ड्रायव्हर तर आई थांब्यावर दिसली की न सांगता बटण दाबतात. एकदा तो फुस्स आवाज ऐकून आईने काचेतून त्यांना हात केला, त्यांनीही केला. त्या दिवशी मला खरंच भरून आलं.

मग परवा काय झालं? नवा ड्रायव्हर, पावसाची घाई, थांब्याच्या जागेत एक टेम्पो उभा. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली, झुकली नाही, आईने ३३ सेंटीमीटरला पाय टाकला आणि गुडघ्याने दगा दिला. बसायला जागा मिळाल्यावर ती मला म्हणाली, ‘त्या पोराला रागावू नकोस, त्याला माहीत नसेल.’ मी उतरताना त्याला शांतपणे सांगितलं की पुढच्या वेळी पांढरे केस दिसले की बटण दाबा, वेळापत्रकात वेळ धरलेली आहे. वेळ वाढवल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ज्यांच्या घरी गुडघे दुखणारं माणूस आहे त्यांनी पुढच्या दाराशी, ड्रायव्हरला समोरून दिसेल असं उभं राहा आणि गाडी थांबायच्या आधीच हाताने खाली असा इशारा करा. गाडी थांबून दार उघडल्यावर सांगितलं तर उशीर झालेला असतो. आणि तक्रार करायचीच तर फूटपाथ मोजून करा.

पास मी या वेळी सहा महिन्यांचा काढतेय. वर्षाच्या हिशोबाने तो महाग पडतो आणि ते मला टोचतंय. पण नव्या ड्रायव्हरना हे बटण शिकवतात की नाही ते मला सहा महिन्यांत कळेल, आणि आईने दुचाकीच्या मागे बसायला ठाम नकार दिला आहे.